तुरीचा दुसरा दाणा

आठ दिवसांपासून गल्लीत ऑटो येत आहेत आणि प्रत्येक ऑटोच्या टपावर सुतळीनं आवळलेली गादी आहे. आत आई, वडील, मुलगी, नवी बादली आणि पुस्तकांचं खोकं. निकाल लागला की लातूरला हा हंगाम सुरू होतो. ज्या मुलींचा डॉक्टरकीला नंबर लागतो त्यांच्या गाद्या गावी जातात, ज्यांचा लागत नाही त्यांच्या परत येतात. परत आलेल्या मुलींना इथं रिपीटर म्हणतात. त्या ऑटोतून उतरताना समोर बघत नाहीत. बादलीत बघत उतरतात.

दाळमिलकडून वारा आला की तुरीच्या टरफलाचा बारीक भुगा वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो. ओढणी झटकली की शिंका येतात. नव्या मुली पहिले चार दिवस शिंकतात, मग सवय होते. मला तर इतकी सवय झाली आहे की हा वास येतच नाही. फक्त या दिवसांत येतो. या दिवसांत तो छातीत जाऊन बसतो आणि मला इस्लापूरची अश्विनी आठवते. आठवते म्हणणं खोटं आहे. ती जातच नाही.

मुलींच्या या होस्टेलात मी स्वयंपाक करते. चौदा मुली, खाली स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली, सगळ्यात वर मॅडमचं घर. होस्टेल मॅडमचंच. मुली मला मावशी म्हणतात. माझं शिक्षण चौथी पास. पाचवीच्या वर्गात तीन महिने बसले होते, तेवढ्यात भूकंप झाला. शाळेची भिंत पडली ती पुढं उभी राहिली, पण तोवर मी पत्र्याच्या शेडमध्ये धाकट्या भावाला सांभाळायला बसले होते, ते बसलेच. चारचौघांत मला बोलता येत नाही. लोकांना वाटतं, स्वभाव आहे. पण त्या वेळी आमच्या शेडवर रोज नवी माणसं यायची, गाडीतून उतरायची आणि समोर दिसेल त्या लेकराला जवळ घेऊन विचारायची, “सांग बाळा, काय काय झालं?” मी पहिल्यांदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं. पुढं तोंड उघडलं की आवाज येईना. माणसं जमली की तो अजून येत नाही. म्हणून लिहिते. मुलींनी टाकून दिलेल्या चाचणीच्या कागदांची मागची बाजू कोरी असते.

दोन वर्षांपूर्वीचा हाच हंगाम. मुलींचे मोबाईल मॅडमच्या कपाटात असायचे, रविवारी चार ते पाच मिळायचे. घरी बोलण्यासाठी मिळायचे, पण घरचं बोलणं मुली दहा मिनिटांत उरकायच्या. “हाव, जेवले. हाव, चालू आहे अभ्यास. ठेवते.” उरलेला वेळ गेम. जेवणाच्या खोलीत सतरंजीवर दोघी दोघी समोरासमोर बसायच्या आणि बाकीच्या त्यांच्या खांद्यावरून वाकून बघायच्या. मारामारीचा गेम होता. आधी प्रत्येकीनं आपलं कॅरेक्टर निवडायचं. कुणाच्या हातात आग, कुणाला पंख, कुणी उडी मारून एकदम पाठीमागं जाणारी. सगळ्यांची पाळी तासाभरात यावी म्हणून मुलींनी एका लढतीला तीन मिनिटं ठरवली होती. गेममध्ये तशी सोय होती. तीन मिनिटं संपली की जिचा जीव जास्त शिल्लक, ती जिंकली. हरली ती बाहेर. शेवटी जी उरेल तिनं मला सांगायचं, संध्याकाळी जेवायला काय करायचं. हे बक्षीस मॅडमनी ठेवलं होतं, मला न विचारता.

मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. गेम कळायचा नाही, मुलींची तोंडं कळायची. आठवडाभर ज्या चेहऱ्यांवर नुसते आकडे असायचे, ते त्या एका तासात लेकरांचे व्हायचे.

अश्विनी तिसऱ्यांदा आली होती. इस्लापूरच्या बाजूची, शेतकऱ्याच्या घरची, उंच, खांदे पाडून चालणारी. दोन्ही वेळी तिचा पेपर पूर्ण झाला नव्हता. “येत होतं मावशी, समदं येत होतं,” ती मला म्हणाली होती. “पण मी एका प्रश्नाला धरून बसते. मला सोडवत न्हाई तो.” खरंच होतं. तिनं तांदूळ निवडला की त्यात खडा सापडायचा नाही, पण तोवर इकडं आधण आटून जायचं. जेवायला ती पहिली बसायची आणि शेवटची उठायची. बाकीच्या मुली तिला वाईट वागवत होत्या असं नाही. तिच्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

तिनं गेममध्ये जी निवडली ती कुणालाच नको असायची. एक जाडजूड बाई, हातात मोठी गोल ढाल, चालणं संथ. तिचं नाव इंग्रजी होतं, मुली ढालवाली म्हणायच्या. अश्विनीनं एक गोष्ट शोधून काढली. सुरुवातीला एकच फटका मारायचा आणि मग ढाल पुढं धरून बसायचं. समोरची आग टाकू दे, पंखानं मारू दे, तीन मिनिटांत ती ढाल फुटत नाही. एका फटक्याएवढा जीव जास्त, जिंकली.

पहिल्यांदा मी ती ढालवाली बघितली तेव्हा तव्यावरची पोळी जळाली. भूकंपानंतर माझी आई कित्येक महिने शेडमध्ये आत यायला तयार नसायची. आम्ही आत, ती बाहेर. पाऊस आला की पितळेची परात डोक्यावर धरून बसायची. परातीला एका बाजूनं पोचा आलेला. लोक हसायचे. “अहो बाई, पत्र्याखाली या की! परातीत काय अन् पत्र्यात काय!” आई म्हणायची, “ही माझ्या हातात हाय.” मला तेव्हा तिची लाज वाटायची. आता वाटतं, तिला एवढंच हवं होतं. आपल्या हातात असलेलं काहीतरी.

सलग सात रविवार अश्विनी जिंकली आणि सात रविवार तिनं एकच सांगितलं. चकोल्या. कणकेच्या पोळ्या लाटायच्या, त्यांचे शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे आणि उकळत्या वरणात एक एक सोडायचे, एकदम टाकले की गोळा होतो. चौघांच्या घरात हे काम सोपं आहे. सोळा माणसांचं करताना खांदा उतरतो.

“मावशी, आज काय?”

“चकोल्या.”

“अगं माय! परत?”

“आता माझं रक्त तपासलं तर त्यात चकोल्याच तरंगतील,” मयुरी म्हणायची.

मयुरी नायगावची, मास्तराची पोरगी. तोंडानं तिखट, हातानं चपळ. पेपर अर्धा तास आधी संपवणारी. सातही रविवारी शेवटच्या लढतीत अश्विनीसमोर तीच असायची आणि सातही वेळा ती ढालीवर डोकं आपटून हरली. अश्विनी मात्र त्या संध्याकाळी ताट घेऊन मधोमध बसायची. खांदे सरळ. कुणी म्हणायचं, “राणीसाहेब, सरका जरा,” आणि ती तोंडावर हात ठेवून हसायची. सोमवारी परत कोपऱ्यात. एकदा ती मला म्हणाली, “मावशी, आठवडाभर मी त्या एका तासाला धरून राहते.” मी म्हणाले, “अभ्यासाला धर की गं.” कुणीही हेच म्हणतं.

आठव्या रविवारी मोबाईल हातात आले तरी खेळ सुरूच झाला नाही.

“ढालवाली बॅन करा,” मयुरी म्हणाली. “ती ओपी आहे.”

“ओपी म्हणजे काय गं?” मी जवळच्या मुलीला हळूच विचारलं. पण मयुरीचे कान तिखट.

“गरजेपेक्षा जास्त पावर, मावशी. तिच्यापुढं बाकीच्यांनी खेळायचंच कशाला?”

“ती काय चोरी करून राहिली का?” एक जण म्हणाली. “गेममध्ये आहे म्हणून घेते.”

“मग सगळ्याच घेऊ. चौदा ढालवाल्या. बसू तीन मिनिटं एकमेकींच्या ढालीकडं बघत.”

सगळ्या हसल्या. “तुला फोडता येत न्हाई म्हणून तुझं हे चाललंय!”

“कुणालाच येत न्हाई, तेच सांगून राहिले ना!”

अश्विनी सतरंजीचा दोरा ओढत होती. “मला दुसरं कुणी चालवता येत न्हाई,” ती म्हणाली.

“मग शीक.”

“वेळ लागतो मला.”

“तेच तर!” मागून कुणीतरी म्हणालं आणि परत हशा झाला. वाईट मनानं कुणी म्हणालं नव्हतं. पण अश्विनीच्या हातातला दोरा तुटला.

मतदान घ्यायचं ठरलं. चकोल्या मावशीही खातात म्हणून मावशीचंही मत, म्हणजे पंधरा. कुणाचं काय ते कळू नये म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन ताटल्या ठेवल्या. एकीत अख्खी तूर, दुसरीत हरभरे. मध्ये बरणी, तिच्या तोंडावर फडकं. ढालवाली राहू द्यायची तर तुरीचा दाणा, बंदी घालायची तर हरभरा. एकेकीनं आत जायचं आणि एक दाणा फडक्याखालून बरणीत सोडायचा. अश्विनी आत जाताना माझ्याजवळ थांबली. “मावशी,” एवढंच म्हणाली आणि गेली.

मी शेवटची. माझं स्वतःचं स्वयंपाकघर, पण आत जाताना पाय परके झाले. मला सगळं माहीत होतं. त्या तासाला धरून ती पोरगी उभी आहे हे मला एकटीला माहीत होतं. मी हरभरा टाकला.

पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होते की तिच्या भल्यासाठी टाकला. खेळ सुटला की अभ्यासाला लागेल. तिची आई इथं असती तर तिनंही हेच केलं असतं. आज कागदावर खरं लिहिते. माझा खांदा दुखत होता. सात रविवार खांदा दुखत होता, आणि फडक्याखाली हात घातला तेव्हा मला अश्विनी दिसली नाही, लाटायच्या पोळ्यांचा ढीग दिसला.

मयुरीनं बरणी ताटात ओतली. तेरा हरभरे, दोन तुरी.

कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले. अश्विनी ताटात बघत होती. हरभऱ्यांकडं नाही, त्या दोन दाण्यांकडं. एकाएकी तिच्या तोंडावर असं काही आलं की मला वाटलं, ही रडणार. रडली नाही. उठून वर गेली. त्या संध्याकाळी दुसरीच मुलगी जिंकली, खिचडी झाली, माझं काम लवकर आटपलं. खांदा दुखला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते. अश्विनी मागून आली आणि माझ्या पाठीला डोकं टेकवून उभी राहिली.

“एक तूर माझी, मावशी. अन् एक तुमची.”

माझे हात पिठात थांबले.

“दुसरं कोण टाकणार? सगळ्या हासून राहिल्या होत्या. बॅग भरून ठेवली होती मी काल. मॅडमला म्हणणार होते, बाबाला फोन लावा. मग म्हणलं, एक माणूस हाय ना इथं आपलं.”

मी काय बोलायला हवं होतं? ‘नाही गं, ती माझी नव्हती’ म्हणाले असते तर तिनं तिथंच बॅग उचलली असती. असं मला वाटलं. किंवा असं मला वाटून घ्यायचं होतं. कुणी माझ्या पाठीला असं डोकं टेकवून किती वर्षं झाली होती. मी गप्प राहिले. कणकेत पाणी जास्त झालं.

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात यायची. पाटावर बसून लसूण सोलायची. एकेक पाकळी, एक साल राहू न देता. गावच्या गोष्टी सांगायची. पावसाळ्यात सहस्रकुंडाचा धबधबा असा गर्जतो की शेतात हाक मारली तर ऐकू येत नाही, मग हात हलवून बोलावं लागतं. मुलींमध्ये ती आता अजिबात बसत नव्हती. रविवारी एकदोनदा आग टाकणारी घेऊन खेळली, अर्ध्या मिनिटात हरली. मग त्या तासातही माझ्याजवळ येऊन बसू लागली. मला ते आवडत होतं. हे लिहायला नको वाटतं, पण आवडत होतं. ती माझ्याजवळ आहे म्हणजे सुखात आहे, असं मी समजत होते.

मयुरी सारखी दारात यायची. “मावशी, पाणी.” ग्लास भरून घ्यायची, अश्विनीकडं बघायची, जायची. थोड्या वेळानं परत, “मावशी, पाणी.” या पोरीला इतकी तहान लागते कशी, असं मला वाटायचं. आणखी हिणवायला येते, असं वाटायचं.

गणपती बुडवायचा दिवस मला कधीच सोसत नाही. भूकंपाच्या वर्षी आमच्या गावानंही गणपती बुडवला, लोक दमून झोपले आणि पहाटे गाव राहिलं नाही. अजून ढोल वाजू लागले की माझे पाय फरशीचा अंदाज घेतात. त्या दिवशी मॅडम नातेवाइकांकडं गेल्या होत्या आणि मोबाईल दुपारभर मुलींकडं ठेवले होते. क्लासला सुट्टी, बाहेर ढोल, आत मुली. मी भांडी लावत होते आणि जेवणाच्या खोलीतून एकदम आरडाओरडा झाला.

“फुटली! फुटली!”

मी दाराची चौकट धरली. भिंतीकडं बघितलं, वर बघितलं. मुली माझ्याकडं बघून हसायला लागल्या. मयुरी मोबाईल नाचवत आली.

“ढाल फुटली, मावशी! आज ढालवाली घेतली अन् वेळच लावली न्हाई आम्ही. आठव्या मिनिटाला फुटली. झिजते ती! मारत राहिलं की झिजते.” मग तिचा आवाज खाली आला आणि ती तिथंच पाटावर बसली. “म्हणजे ढालवाली ओपी नव्हतीच. आपली तीन मिनिटं ओपी होती.”

मी या वाक्याचा फार विचार केला आहे. जिला तीन तासांत पेपर पुरा होत नव्हता तीच तीन मिनिटांत राणी होत होती, आणि दोन्हीकडं मुलगी तीच होती. घड्याळ कुणी लावलं, ते कुणी विचारलं नाही. तिथंही नाही आणि आमच्या सतरंजीवरही नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून दोष त्या ढालीला दिला.

मयुरी लगेच जिन्यानं वर गेली. अश्विनी वरच्या खोलीत होती. ढोल थांबले होते, मला खाली सगळं ऐकू आलं.

“बंदी उठवू. दहा दहा मिनिटं खेळू, दोन रविवारांत संपवू. चल खाली.”

“नको.”

“अगं, चूक झाली आमची. सांगून राहिले ना.”

“तेव्हा मावशी सोडून एक तरी होती का माझ्या बाजूनं? आता कशाला?”

मयुरी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. तिनं मान वळवून खाली माझ्याकडं बघितलं. बोलायची वेळ ती होती. ‘अश्विनी, ती तूर माझी नव्हती.’ एवढंच वाक्य. समोर चार माणसंसुद्धा नव्हती, दोन पोरी होत्या. माझं तोंड उघडलं. मग मी आत वळले आणि गॅसवरच्या दुधाकडं बघत राहिले. दूध उतू जात नव्हतं.

दसऱ्याच्या आधी अश्विनीचे वडील आले. चाचण्यांतले मार्क उतरत गेले होते, मॅडमनीच फोन केला होता. ते जेवणाच्या खोलीत टोपी मांडीवर ठेवून बसले. “चल बाई, बास झालं,” म्हणाले. रागावले नव्हते, त्यामुळं जास्तच वाईट वाटलं. गादी गुंडाळली, सुतळी मी बांधली. अश्विनी पाया पडली. “मावशी, तुम्ही नसता तर मी तेव्हाच गेले असते.” वडिलांनी मला हात जोडले. “पोरगी लई नाव काढते तुमचं. उपकार हायत तुमचे.” मी पदर डोक्यावर ओढून घेतला. त्यांना वाटलं, बाई लाजाळू आहे.

ऑटो वळला तरी मयुरी जिन्यात बसून होती. सगळ्या वर गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली. या वेळी पाणी मागितलं नाही.

“मावशी, ती दुसरी तूर माझी होती.”

मी हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं.

“बंदी मीच मागितली, ठाऊक आहे. पण आत गेल्यावर हात जाईना. मला तिला हरवायचं होतं, मावशी. सात वेळा हरले मी तिच्याकडून. बंदी घालून कसं हरवणार?” ती ओट्यावरचं पीठ बोटानं गोळा करत होती. “निघाल्या दोनच. एक तिची, एक माझी. तुमची असती तर तीन निघाल्या असत्या.”

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

“मग बोलली का नाहीस गं? जिन्यावर तरी...”

“बोलले असते तर तुम्ही खोट्या पडल्या असत्या. अन् तिला तेवढंच एक माणूस होतं.” तिनं नाक पुसलं. “दुसरी तूर मावशीची, असं तिनं वर दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. रोज येऊन बघायची मी. वाटायचं, आज सांगतील मावशी. मग मी तिच्याजवळ बसेन.”

ती पाण्याला येत नव्हती. जवळपास अश्विनीच्या वयाची, तिच्यासारखीच त्या परीक्षेला अडलेली, तिला मानणारी मैत्रीण रोज दारापर्यंत येत होती आणि दारात मी उभी होते. जागा माझी नसताना मी ती अडवून बसले होते. हरभरा टाकला ते एक वेळ सोडा. सगळ्यांनी टाकले. पण तो दुसरा दाणा मी चोरला. त्या दाण्यावर दोघी मिळून तो हंगाम काढू शकल्या असत्या.

मयुरीचा पुढच्या वर्षी नंबर लागला, ती नांदेडला शिकते. अश्विनी गावी आहे, एवढं मॅडमकडून कळलं. दोघींचे फोन नंबर होस्टेलच्या रजिस्टरमध्ये एकाच पानावर आहेत. दोन वर्षांत कितीदा मी ते पान उघडलं. सहा आकडे दाबायचे, बंद करायचं. नऊ दाबायचे, बंद करायचं. आता काय उपयोग, म्हणायचे. तिच्या मनात लातूरची एक तरी गोष्ट चांगली आहे, ती कशाला काढून घेऊ, म्हणायचे. हेही खोटंच. तिच्या मनात मी चांगली आहे, ते मला सोडवत नव्हतं.

परवा अश्विनीच्या जुन्या कॉटवर नवी मुलगी आली. रिपीटर, मुखेडकडची. संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, “मावशी, मी इथं बसून लसूण सोलू का? वर करमत न्हाई.” मी तिला वर पाठवलं. इतक्या जोरात ओरडले की ती घाबरली. आपला आवाज मीच ओळखला नाही. तो आला आहे तोवर वापरावा, म्हणून हात पुसले आणि फोन लावला.

“कोण?”

“मी. लातूरहून. मावशी.”

“मावशी!” ती इतकी खूश झाली की मी ठेवूनच देणार होते. “मावशी, लई दिवसांनी! कशा हायत? खांदा कसा हाय तुमचा?”

खांदा. तिला माझा खांदा माहीत होता. मी डोळे मिटले आणि एका दमात बोलले. ती तूर माझी नव्हती. मी हरभरा टाकला होता. तू पाठीला डोकं टेकवलंस तेव्हाच सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. जिन्यावर सांगायला हवं होतं, नाही सांगितलं.

पलीकडं कुणीतरी भांडी घासत होतं.

“मग दुसरी कुणाची?”

“मयुरीची.”

“ती तर बॅन करा म्हणून ओरडून राहिली होती.”

“तिला तुला हरवायचं होतं. खेळून.”

परत भांडी. मग ती म्हणाली, “नंबर हाय का तिचा?”

मी रजिस्टर जवळ ओढलं आणि एकेक आकडा वाचला. ती प्रत्येक आकडा माझ्यामागून म्हणत होती. दहा झाल्यावर तिनं सगळे पहिल्यापासून परत म्हणून दाखवले, सावकाश. एकही चुकला नाही. मी “बरोबर” म्हणाले. मला वाटलं, आता ती मला काही विचारेल, रागावेल तरी.

“ठेवते,” ती म्हणाली. मावशी म्हणाली नाही.